चिजेचा निवाडा
अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावर वसलेल्या आमच्या बुलढाण्यात मैफल उलगल्यावर विसाव्या शतकातील श्रेष्ठ बंदिशकार कोण, हा वाद जेव्हा रंगतो, तेव्हा रागरूपाची शिस्त काटेकोर राखणारे ‘सुजन’ श्रीकृष्ण रातंजनकर, जोगकंसाचे निर्माते ‘गुणीदास’ जगन्नाथबुवा पुरोहित आणि माळव्याच्या लोकधुनांत रागबीजे शोधून १९६५ साली ‘अनूपरागविलास’ सिद्ध करणारे कुमार गंधर्व, या तिघांचीही वकिली सारख्याच निष्ठेने होते. परंतु रचनाकाराची सनद कागदावर नव्हे, तर परक्या घराण्याच्या कंठातही ताज्या राहणाऱ्या चिजेवर उमटते, असे मी मानतो, आणि म्हणूनच, राम मराठे, माणिक वर्मा, जितेंद्र अभिषेकी अशा भिन्न प्रकृतीच्या गायकांना घडविणाऱ्या गुणीदासांच्या पदरात माझा कौल निःशंकपणे टाकतो.