कमवा, शिका आणि सांभाळा

मूल सांभाळून व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेणाऱ्या स्त्रीचे कौतुक करताना ‘तारेवरची कसरत’ हा शब्दप्रयोग हमखास केला जातो. सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, तिच्या जिद्दीवर भाषणे होतात. ही तार बांधली कोणी, हा प्रश्न मात्र सभागृहात कोणी विचारीत नाही. त्याच वर्गात बसणाऱ्या बापाला तर मुलाविषयी काही विचारण्याची पद्धतच नाही. बाप शिकतो तो कुटुंबाच्या भवितव्यासाठी आणि आई शिकते ती घर वाऱ्यावर सोडून, असा आपल्या समाजाचा न्याय आहे.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात या प्रश्नाला निराळ्या बाजूने हात घातला गेला. म्हसवड हे दुष्काळी टापूतले गाव. जयप्रकाशजींच्या आंदोलनातून घडलेल्या चेतना गाला-सिन्हा विवाहानंतर येथे स्थायिक झाल्या. महिलांची सहकारी बँक काढण्यासाठी येथील स्त्रियांनी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला. कारण प्रवर्तकांपैकी अनेकींनी सहीच्या जागी अंगठा उठविला होता. त्या गावी परतल्या, दिवसाचे काम आटोपून अक्षरे गिरवू लागल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. गणकयंत्राशिवाय व्याज काढून दाखवितो, तुमच्या माणसांनाही तेच करायला सांगा, असे आव्हान त्यांनी दिले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

कर्ज मिळाले तरी हिशेब, बाजारभाव, मालाची किंमत ठरविणे हे शिकल्यावाचून धंदा टिकत नाही, हे लवकरच ध्यानात आले. तेव्हा २००६ मध्ये म्हसवडला ग्रामीण स्त्रियांसाठी व्यवसायशिक्षणाची शाळा निघाली. तिच्यातही अडचण उरलीच. तान्हे मूल, दावणीची जनावरे, पाण्याची खेप आणि घरच्या पुरुषाची परवानगी, एवढे सगळे ओलांडून एस. टी. ने तालुक्याच्या गावी जाणे कितीजणींना जमणार? म्हणून २००७ मध्ये एच.एस.बी.सी. बँकेच्या साहाय्याने शाळाच एका बसमध्ये बसविली गेली आणि ती गावोगाव फिरू लागली. पुढे याच मंडळींनी ‘देशी एम.बी.ए.’ नावाचा अभ्यासक्रमही चालविला. नावात थोडी थट्टा आहे, पण ती थट्टा शहरी पदवीची आहे, शिकणाऱ्या बायकांची नव्हे.

या प्रयोगातील महत्त्वाची गोष्ट बसची नाही. विद्यार्थिनीने शाळेच्या घड्याळाप्रमाणे वागावे हा शिरस्ता येथे मोडला गेला आणि शाळा आईच्या दिवसाप्रमाणे वाकली. अर्थात समाजवादी विचाराच्या माणसाला येथे थोडे थबकावेच लागेल. प्रत्येक गरीब स्त्रीला उद्योजक केले की दारिद्र्य सरेल, ही कल्पना सरकारला आणि बड्या कंपन्यांना फार सोयीची आहे. रोजगार देण्याची जबाबदारी तिच्यामुळे आपोआप तिच्याच डोक्यावर जाते. शेत आणि चूल यांच्या जोडीला दुकान आले आणि घरकामाची वाटणी होती तशीच राहिली, तर भार वाढलाच म्हणावयाचा. शिवाय जे काम देणग्यांवर चालते, ते देणगीदाराचा उत्साह असेतोवरच चालते.

मग सार्वजनिक शिक्षणाचे काय? साताऱ्याची परंपरा ‘कमवा आणि शिका’ या मंत्राची. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम करून शिकणाऱ्या मुलाला प्रतिष्ठा दिली. त्या वसतिगृहातील मुलांच्या भाकरीसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत सातारा-सांगलीतील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ती आपण त्यागाची कथा म्हणून सांगतो. शेकडो मुलांना सांभाळणे हेही शिक्षणसंस्थेचे काम आहे आणि त्याला खर्च येतो, हा तिच्यातला दुसरा अर्थ मात्र बाजूला पडतो. ‘कमवा आणि शिका’ची कल्पना सडाफटिंग विद्यार्थ्याला बेतून केलेली होती. आईच्या वाट्याला ‘सांभाळा’ हे तिसरे क्रियापद येते.

कायद्याने हे क्रियापद कारखान्यापुरते ओळखले. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाळणाघर सक्तीचे केले आणि १९७६ मध्ये त्यासाठीची स्त्री-कामगारांची संख्या पन्नासावरून तीसवर आणली. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली तर त्यांना सांभाळण्यासाठी एका मजूर स्त्रीला नेमावे, अशी तरतूद होती. अंमलबजावणीची रडकथा वेगळी. पण खडी फोडणाऱ्या बाईच्या मुलाची सावली ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे तत्त्व तरी मान्य झाले. विद्यार्थिनी कामगार नव्हे, म्हणून ती या कायद्यांच्या बाहेर राहिली. पीएच. डी. करणाऱ्या स्त्रीला २४० दिवसांची रजा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत २०१६ पासून आहे. पदवी आणि पदव्युत्तर वर्गांबाबत मात्र आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना पत्र लिहून, प्रसूतीरजा व हजेरीची सवलत यांचे नियम तुम्हीच करा, एवढेच सांगितले. त्यातही विचार बाळंतपणाचा आहे. मूल दोन वर्षांचे होऊन दारातून पळू लागते, तेव्हाचे काय?

मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे, असे यावर सांगितले जाईल. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी जन्मलेल्या यशवंतरावांचे नाव असलेल्या त्या विद्यापीठाने १९८९ पासून असंख्य स्त्रियांना शिकविले, हे निर्विवाद. परंतु घरी अभ्यास म्हणजे भांडी घासून झाल्यावरचा अभ्यास. खानापूर-आटपाडीकडे ज्या घरचा पुरुष सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परमुलखात आहे, तेथे रात्री पुस्तक उघडले तरी मांडीवर मूल असतेच. व्यवस्थापनशास्त्राचा निम्मा अभ्यास गटचर्चेचा आणि प्रकल्पाचा. तो एकटीने चार भिंतींत होत नाही.

आजच्या सांगली जिल्ह्याचे कित्येक तालुके १९४९ पर्यंत साताऱ्यातच होते. १९४३ नंतर याच मुलुखात प्रतिसरकार चालले आणि गावाने आपले न्यायनिवाडे स्वतः करून दाखविले. तेथील कार्यकर्त्यांना महाविद्यालयात एक खोली मागणे जड जाऊ नये. व्यवस्थापनशास्त्राच्या प्रत्येक संस्थेला विचारावे की, २०२१ च्या पत्रानुसार नियम केले काय; तास संध्याकाळी सातपर्यंत लांबतात तेव्हा मुले कोठे राहतात; पाळणाघराचा उल्लेख माहितीपुस्तिकेत आहे काय. ती सोय बापांनाही खुली असावी आणि तेथे मूल आणून सोडणे त्यांनाही लाजिरवाणे वाटू नये. आणि मुले सांभाळणाऱ्या बाईचा पगार संस्थेच्या अंदाजपत्रकात, प्राध्यापकांच्या पगाराच्या पानावरच, पूर्ण वेतनश्रेणीसह मांडलेला असावा.