गाठीस डाग देण्यापूर्वी सुईची परीक्षा

बैलाच्या खांद्यावर किंवा गाईच्या अंगावर गाठ दिसली, की तीस डाग द्यावा, चिरा द्यावा अथवा जनावरास बाजार दाखवावा, असे तीनच मार्ग पुष्कळांस सुचतात. आमच्या मते या तिहींच्या आधी गाठीतील पेशींची परीक्षा झाली पाहिजे.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गाठी आतून अगदी भिन्न असतात. एखादी गळू असते, एखादी जुनी खांदेसूज, तर एखादी अर्बुद. शरीराचे निरनिराळे भाग बांधून धरणारे तंतू व चरबी यांस संयोजी ऊतक म्हणतात. त्यांपासून होणारी काही अर्बुदे निरुपद्रवी, तर काही घातक असतात. शिंगाचा कर्करोग मात्र आवरणाच्या पेशींपासून होतो. सबब तो या वर्गात मोडत नाही.

पशुवैद्य बारीक सुईने गाठीतील पेशी काढून काचपट्टीवर पसरतात व त्या वाळवून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गळवात पुवाच्या पेशींची गर्दी आढळते. चरबीच्या गाठीतून तेलकट थेंब येतात व काचपट्टी वाळत नाही. तंतूंच्या अर्बुदातील पेशी सूत कातण्याच्या चातीसारख्या, दोन्ही टोकांस निमुळत्या असतात. त्यांची केंद्रके लहानमोठी व बेढब दिसली, की घातकपणाचा संशय येतो.

या परीक्षेस मर्यादाही आहेत. संयोजी ऊतकाच्या पेशी तंतूंत जखडलेल्या असल्याने सुईत थोड्याच येतात. म्हणून काचपट्टी रिकामी निघाली, एवढ्यावरून गाठ निर्दोष ठरत नाही. शिवाय जुन्या खांदेसुजेत भरून येणाऱ्या मांसातील पेशीही घातक पेशींसारख्या भासतात. अशा वेळी गाठीचा तुकडा काढून तपासणे अवश्य आहे. डाग दिल्यास दाह वाढून हा घोटाळा अधिकच होतो, हे ध्यानी घ्यावे.

सुई टोचणे हे पशुवैद्याचे काम होय. परंतु त्यास उपयोगी पडणारी हकीकत गावातील कार्यकर्त्यानेच द्यावयाची असते. गाठ केव्हा दिसली, पंधरवड्यात किती वाढली, मऊ आहे की टणक, खाली चिकटली आहे की हलते, तेथे जू घासते काय, हे त्याने लिहून ठेवावे. प्रयोगशाळेकडे नमुने पाठविताना काचपट्ट्या व फॉर्मॅलिनमधील तुकडा एकाच डब्यात ठेवू नयेत. फॉर्मॅलिनच्या वाफेने पेशींचा रंग बिघडतो. परळ, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्राचे विभाग आहेत. पशुवैद्यामार्फत त्यांचा सल्ला घ्यावा.

साध्या गाठीच्या भीतीने चांगला बैल विकला जाणे, आणि घातक गाठ साधी समजून शस्त्रक्रियेची वेळ टळणे, ही दोन्ही शेतकऱ्याची हानीच होय. ती टाळण्यासाठी डागणीची सळई तापविण्यापूर्वी जनावर पशुवैद्याकडे न्यावे, असा आमचा आग्रह आहे.