आधी गाड्या, मग अॅप

मी सॉफ्टवेअर लिहितो, तरी सांगतो: बोलावल्यावर येणारी बस अॅपवर चालत नाही. हेलसिंकीत २०१२ ते २०१५ 'कुत्सुप्लुस' ही अशीच सेवा होती. तुम्ही मागणी नोंदवायची, संगणक प्रवाशांचे मार्ग जुळवायचा. प्रवासी वाढत गेले, मिनीबस मात्र १५च्या पुढे गेल्या नाहीत. गाड्या कमी असल्या की वाट पाहणे आणि वळसे वाढतात. भरपूर असल्या की एका वाटेचे प्रवासी जुळतात, माणशी खर्च उतरतो. वाढीसाठी पैसा मिळाला नाही, आणि महाग पडते म्हणून सेवाच बंद झाली! आपल्याकडे शेअर रिक्षा भरेपर्यंत अम्मी दवाखान्यासाठी ताटकळतात. उद्या नगरसेवक नवे अॅप दाखवायला आले, तर विचारा: गाड्या किती? आणि स्मार्टफोन नसलेल्या अम्मींनी ती बोलवायची कशी?