मारिओची मराठी : एका अनोंदलेल्या खेळभाषेविषयी

मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ओव्या, उखाणे, भोंडल्याची गाणी यांचे संकलन ज्या निष्ठेने केले, ती आस्था दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील खेळांभोवती जन्मलेल्या भाषेच्या वाट्याला आलेली नाही. हे खेळ परकीय आणि व्यापारी. लोकपरंपरेशी त्यांचा संबंध काय, ही धारणा यामागे आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळाच्या संदर्भात ती तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

निन्टेन्डो या जपानी कंपनीसाठी शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला हा खेळ सप्टेंबर १९८५ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाला. घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या यंत्रावर तो खेळला जाई. उड्या मारीत, खड्डे आणि शत्रू चुकवीत नायक डावीकडून उजवीकडे जातो. मागे सरकून गेलेला पडदा पुन्हा दिसत नाही. एकूण आठ विश्वे, प्रत्येकात चार टप्पे आणि शेवटी किल्ला. पहिल्या सात किल्ल्यांत राजकन्या सापडत नाही. ती अन्यत्र असल्याचा निरोप तेवढा मिळतो. व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये केलेले अद्भुतकथांचे रूपविश्लेषण ज्यांनी अभ्यासले आहे, त्यांना अपहरण, शोध आणि कसोट्यांची ही घडण परिचित वाटेल.

तथापि महत्त्व या साम्याला नाही. या खेळाची कथा पडद्यावर जवळजवळ नव्हतीच; ती सोबतच्या पुस्तिकेत होती. शत्रूने मंत्रबळाने प्रजेचे दगडविटांत रूपांतर केले आहे आणि ती जादू केवळ राजकन्याच उतरवू शकते, असे तीत सांगितले होते. महाराष्ट्रात १९९०च्या दशकात आणि पुढेही काही वर्षे हा खेळ बव्हंशी पोहोचला तो मूळ यंत्राच्या स्वस्त नकलांमधून आणि एकाच कॅसेटमध्ये अनेक खेळ भरलेल्या संचांमधून. मूळ पुस्तिका त्यांच्यासोबत येत नसे आणि पडद्यावरचा निरोप इंग्रजीत असे. खेळ आला, पण कथा वाटेतच राहिली. नायक कोण, कासवे त्याच्या वाटेत का येतात, विटा कशासाठी फोडावयाच्या, याची उत्तरे मुलांनी एकमेकांना सांगत आणि ऐकत घडवावयाची होती. ही प्रक्रिया मौखिक परंपरेचीच आहे.

ती शोधावयाची तर मोठ्या शहरांपेक्षा नांदेड-हिंगोली मार्गावरील आखाडा बाळापूरसारख्या गावांकडे वळणे अधिक फलदायी ठरेल. १९९९ पूर्वी परभणी जिल्ह्यात असलेल्या या परिसरात मराठीच्या जोडीला उर्दू आणि बंजारा बोलीही नांदतात. एका यंत्राभोवती अनेक मुले जमत, तेव्हा हा खेळ सामुदायिक होई. एका गड्याचा जीव गेला की दुसऱ्याची पाळी, हा खेळातलाच नियम होता. खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती. भारनियमनात वीज गेली की डाव पुन्हा पहिल्यापासून. पाळी, गडी, डाव या जुन्या शब्दांशेजारी ‘लाइफ’, ‘स्टेज’, ‘कॅसेट’ हे शब्द कसे बसले, कासवाला आणि अळंबीला कोणती नावे मिळाली, हा बोलीच्या अभ्यासाचा प्रश्न आहे.

यावर आक्षेप येईल, की ही उसनी आणि भेसळीची भाषा आहे. मग विटीदांडूचे काय? ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ ही त्यातील गणना तेलुगूच्या ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ या अंकांशी उघड नाते सांगते. शेजारच्या भाषेतले अंक मराठी मुलांनी उचलले, आपल्या उच्चारात घोळविले आणि पिढ्यान् पिढ्या जपले. त्या गणनेला परंपरेचा ठेवा म्हणावयाचे आणि ‘लाइफ’ला भाषेची भ्रष्टता म्हणावयाचे, हा न्याय अभ्यासाचा नव्हे, तो केवळ काळाच्या अंतराने मिळालेला मान आहे.

हा खेळ साहित्यकृती आहे, असा येथे दावा नाही. तो खेळताना जे बोलले गेले ते लोकसाहित्याच्या कक्षेत येते, एवढाच आग्रह आहे. पदव्युत्तर वर्गातील क्षेत्रीय अभ्यासात त्यासाठी चार गोष्टी नोंदविता येतील : वस्तूंना दिलेली नावे, एकमेकांना सांगितलेली कथा, खेळतानाचे उद्गार आणि पाळीचे ठरविलेले नियम. माहितगार दूरचे नाहीत. त्या काळची मुले आज तिशी-चाळिशीत आहेत. त्यांपैकी काही याच महाविद्यालयांतून शिकवीत असतील. जात्यावरची ओवी संकलकांनी टिपली तेव्हा घरोघरची जाती थांबू लागली होती. ती घाई आणि ती हळहळ याही बाबतीत वाट्याला यावी, असे कोणतेही कारण नाही. विचारणारा तेवढा हवा आहे.