फिल्टर लावण्याआधी

संगणकावरच्या पर्स्पेक्टिव्हला जलरंगाचा फिल्टर लावला की ते हाताने रंगवल्यासारखे दिसते, हा समज आपल्या व्यवसायात फार रुजला आहे. तो चुकीचा आहे. फिल्टर सगळ्या कागदावर सारखाच फिरतो. रंगवणारा माणूस प्रवेशद्वारापाशी, ओट्यापाशी रेंगाळतो, कंपाउंडच्या भिंतीला एका फटकाऱ्यात उरकतो आणि अर्धे आकाश कोरे सोडून देतो. बघणाऱ्याची नजर कुठे न्यायची, हे त्याने ब्रश हातात घेण्याआधीच ठरवलेले असते.

एक साधा वॉश टाकून तो वाळताना बघा. कडेचे पाणी आधी उडते, आतले पाणी त्या जागी सरकते आणि रंगाचे कण सोबत नेते. वाळल्यावर कडेला गडद किनार उरते. अल्ट्रामरीन असेल तर कण कागदाच्या खळग्यांत साचून सावली दाणेदार होते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये नेमके हेच संगणकावर उतरवून दाखवले. रंगाचे वागणे यंत्राला तेव्हापासून येते. कुठे थांबायचे, ते आपणच सांगावे लागते.

म्हणून स्केचअपमधून एकच रंगीत व्ह्यू काढू नका. रेघा, सावल्या आणि मटेरियलचे सपाट रंग वेगवेगळे काढा. सावलीचा लेयर मल्टिप्लायवर ठेवा, पण राखाडी नको. तिच्यात निळसर जांभळी झाक आणा. रंग रेघेच्या जरा बाहेर गेला, कुठे आतच राहिला, तर राहू द्या. खिडक्यांच्या काचा सगळ्या सारख्या भरू नका. मॉडेलमधली तयार झाडे मात्र काढूनच टाका. एवढी नेटकी पाने हळुवार वॉशशेजारी उपरी दिसतात. आंबा, पांगारा हाताने काढा, स्कॅन करा, मग बसवा.

शक्य असेल तिथे रेघांचा प्रिंट घेऊन त्यावर खराच ब्रश चालवा. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा इंकजेटचा प्रिंट घेतला होता. पाणी लागताच काळ्या रेघा जांभळ्या होऊन पसरल्या आणि रात्रभराचे काम वाया गेले. पाण्याने न विरघळणारी पिगमेंट शाई किंवा लेझर प्रिंट घ्या, आणि कोपऱ्यावर आधी ओला ब्रश टेकवून बघा.

एवढा खटाटोप सुंदर चित्रासाठी तर आहेच, पण केवळ त्यासाठी नाही. १९९६ मध्ये जर्मन संशोधकांनी वास्तुविशारदांना कॅडची रेखाटने आणि स्केचसारखी चित्रे दाखवून मते घेतली. पहिल्या सादरीकरणासाठी सर्वाधिक जणांचा कल स्केचकडे होता. आपलाही अनुभव तोच आहे. गुळगुळीत रेंडरिंग समोर आले की क्लायंट टाइल्सचा रंग विचारतो. हातचे चित्र बघितले की तो म्हणतो, "ही पडवी अजून जरा रुंद करता येईल का?" आराखडा कच्चा असताना आपल्याला हाच प्रश्न हवा असतो. तेव्हा पक्के दिसणारे चित्र दाखवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

पुढच्या कामाचा निदान एक व्ह्यू असा करून बघा, आणि जमला नाही तरी आम्हाला पाठवा. फसलेल्या वॉशसाठीही आमच्या पानांत जागा आहे.