पुस्तक उघडे ठेवू द्या
अंतिम वर्षाची परीक्षा टळणार नाही, असे २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि ऑक्टोबरात पुणे विद्यापीठाने ती बहुपर्यायी प्रश्नांवर, प्रामुख्याने ऑनलाइन घेतली. करोनाकाळातल्या त्या घाईत दुसरा इलाज नव्हता. आता आहे : पुस्तक उघडे ठेवून लिहायची परीक्षा. ‘मुळशी सत्याग्रहाचे नेते कोण?’ याचे उत्तर, सेनापती बापट, मोबाइल क्षणात देतो. त्यापेक्षा विचारा : १९२१ साली टाटांच्या धरणात जमीन जाणाऱ्या मावळच्या शेतकऱ्याला पैशांची भरपाई पुरेशी का वाटली नसेल? पुराव्यानिशी मांडा. इथे कॅमेऱ्याचा पहारा नको, उत्तर नीट वाचणारा प्राध्यापक हवा. ताम्हिणीकडच्या गावात रेंज जाते, म्हणून मुदत तासाची नको, दोन दिवसांची द्या. आणि अशी उत्तरे वाचायला प्राध्यापकांच्या रिक्त जागा आधी भरा.