आतलं की बाहेरचं?

परवा रात्री दीडला मित्राचा फोन. वडील ॲडमिट, आणि मेडिक्लेमचा फॉर्म कंपनीच्या इंट्रानेटवर. लॅपटॉप ऑफिसात. झाली का पंचाईत!

"इंट्रानेट म्हणजे सेफ" असं आपण किती सहज म्हणतो ना? २००९ मध्ये हल्लेखोर चक्क गूगलच्या आतल्या नेटवर्कमध्ये शिरले. त्यानंतर गूगलने 'आतला तो आपला' हा हिशोबच सोडला. आता कुठूनही आलात तरी माणूस आणि मशीन, दोन्ही तपासतात.

म्हणून माझं साधं मत: कोरा फॉर्म, हेल्पलाइन नंबर सरळ पब्लिक साइटवर टाका. पगार, क्लेम लॉगिनमागे, पण घरूनही उघडतील असे. सर्व्हरची कंट्रोल पॅनेल्स खुशाल आत ठेवा, तिथेही लॉगिन हवंच.

चोर आत आणि आपलाच माणूस बाहेर, अशी भिंत काय कामाची?